धुण्याआधीचा पिवळा

भात कापायला आलं की हवेत एक वास भरतो. थोडा सुकत्या पेंढ्याचा, थोडा खाडीच्या चिखलाचा, थोडा उन्हाने करपलेल्या गवताचा. ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात दुपारी उभं राहिलं की खाडीवरचा वारा पलीकडची कळव्याची शेतं पार नाकापर्यंत आणून सोडतो. लोकांना या वासाने दिवाळी आठवते, भाजणीचा खमंगपणा आठवतो, माहेरी येणाऱ्या लेकी आठवतात. मी मात्र उजवा हात नाकाशी नेतो आणि हुंगतो. हाताला वास काही नसतो. फार तर साबणाचा, नाहीतर तपकिरीचा. तरी मी हुंगतो, आणि हुंगून झाल्यावर कोणी पाहिलं तर नाही ना, हेही बघून घेतो.

पाहणारं माणूस घरातच असतं. माझी बायको यमुना मागच्या दारात तांदूळ निवडत बसलेली असते.

“झालं का सुरू?” ती मान वर न करता म्हणते. “अहो, नऊ वर्षं झाली. त्या बैलाला सोडा आता.”

बैलाला मी केव्हाच सोडलं आहे. अडकलो आहे तो दुसऱ्याच गोष्टीत, आणि ती गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. हरताळाच्या, म्हणजे त्या विषाच्या, खटल्याची हकिगत तिने माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की पाहुण्यांसमोर मी कुठे थांबणार आणि कुठे मिशीवरून हात फिरवणार, हेही तिला पाठ आहे. पण त्या हकिगतीतलं एक वाक्य खोटं आहे. ते कोणतं, हे फक्त दोघांना ठाऊक आहे. एक मी, आणि दुसरा कोपर गावचा राघो.

मी गुरांचा डॉक्टर. मुंबईच्या शाळेतून हे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या अगदी पहिल्यापहिल्या मुलांतला. आता निदान लोकांना माहीत झालंय की असाही डॉक्टर असतो. तेव्हा आमच्या एका काकांनी भर पंगतीत विचारलं होतं, “काय रे, बैलाची नाडी कुठे बघतोस? शेपटीला?” मी सरळपणे सांगितलं, “हो, शेपटीखालीच बघतात.” खरोखरच तिथेच बघतात. पण पंगतीला ते पटलं नाही, आणि काकांची पुढची दोन वर्षं तेवढ्या एका विनोदावर निघाली. ठाण्यात माझं नाव पडलं ते ढोरडाक्तर.

ढोरडाक्तर असण्याचं मला वाईट वाटत नसे. खुरात रुतलेला काटा काढला, अडलेली गाय सोडवली, की लोक हात जोडतात. पण एखादं जनावर अचानक मेलं आणि कोणी विष घातल्याचा संशय आला, की ते उघडून आत काय झालं ते पाहायचं आणि सरकारला लिहून कळवायचं, हेही माझंच काम. त्या कामाला निघालो की हात जोडणारे तेच लोक दहा पावलं मागे सरतात. मेलेल्या जनावराला हात लावणारा माणूस आमच्यात बसत नाही. घरी आलो की मी मागच्या दाराने येई. यमुना उंचावरून पाणी ओते, तांब्या माझ्या हाताला लागणार नाही अशा बेताने. कपडे तिथेच दगडावर. दोनदा अंघोळ, आणि मग कुठे चहाचा कप. मी चिडून म्हणायचो, “अगं, गायीचंच पोट होतं, वाघाचं नव्हतं.” ती म्हणायची, “वाघाचं असतं तर एक अंघोळ पुरली असती.”

गेल्या आठवड्यात मुंबईहून एक पत्र आलं. माझ्याहून दोन वर्षं पुढे असलेले एक गृहस्थ आता नव्या मुलांना शिकवतात. त्यांनी लिहिलंय की विषाने मेलेलं जनावर कसं उघडावं, काय पाहावं, काय टाळावं, यावर मुलांसाठी मराठीत एक टाचण हवं आहे, आणि त्यात तुमचा तो हरताळाचा खटला अवश्य द्या. मला मोठा आनंद झाला. मी लगेच दौत-टाक घेऊन बसलो. सुरुवात झकास झाली. मग एक वाक्य आलं: ‘आतडी-पोट धुण्यापूर्वी त्यात पिवळे कण असल्याचे माझ्या नजरेस आले.’ तिथे टाक थांबला. आज चार दिवस झाले, तिथेच थांबला आहे.

तो कार्तिकाचा पहिला आठवडा होता. मी गुरांच्या साथीच्या तपासणीला कल्याणला गेलो होतो. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत निरोप आला की डोंबिवलीजवळच्या कोपर गावात गोमा नावाच्या शेतकऱ्याचा बैल पहाटे मेलाय आणि त्याला विषाचा संशय आहे. हवालदार आणि मी सकाळच्या गाडीने डोंबिवलीला उतरलो आणि बांधाबांधाने कोपरच्या दिशेला लागलो. दोन्ही बाजूंना कापलेलं भात आडवं पडलेलं होतं. खाडीकडच्या अंगाला मिठाच्या आगरांत पाणी लकाकत होतं. इतकी प्रसन्न सकाळ होती की मी चालता चालता गुणगुणत होतो. हवालदाराने माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा गप्प झालो.

गोमाच्या अंगणात अजून पाडव्याची राख होती. त्या भागात पाडव्याला बैलांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, अंगावर रंगाचे पंजे उठवतात आणि संध्याकाळी पेंढा पेटवून त्यावरून त्यांना उडवतात. आगीवरून गेलेल्या बैलाला वर्षभर बाधा होत नाही, अशी समजूत. राखेच्या पलीकडे मोऱ्या पडला होता. चांगला ऐन उमेदीचा बैल. शिंगं पिवळीधमक, अंगावर पिवळे पंजे, गळ्यात झेंडूची माळ अजून तशीच. सजवून मेलेलं जनावर मी तोवर पाहिलेलं नव्हतं. त्याचा जोडीदार चंद्र्या गोठ्यात मान टाकून उभा होता, आजारी, पण जिवंत. गोमाची बायको हिरा त्याच्या मानेशी कपाळ टेकून रडत होती.

गोमाला संशय घ्यायला कारण होतं. आठवड्याआधी खळ्यावर त्याचं आणि गावच्या महाराचं, राघोचं, भांडण झालं होतं. पेंढ्यांच्या वाट्यावरून बाचाबाची झाली आणि गोमाने त्याला हाकलून दिलं. राघो जाता जाता म्हणाला होता, “आज हाकलतंस, पन तुजी ढोरा मेल्यावं माज्याच हाताखाली येतान.” मेलेलं जनावर ओढून नेणं आणि त्याचं कातडं काढणं हे गावाने त्याच्यावर घातलेलं काम, त्या अर्थाने तो खरं तेच बोलला होता. पण सात दिवसांत बैल मेला, आणि ते वाक्य साऱ्या गावाच्या तोंडी झालं.

आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, की बैल उघडायला माझ्या मदतीला राघोच होता. दुसरं कोण येणार? हवालदार वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन नाकाला रुमाल लावून उभा राहिला. पंच म्हणून बोलावलेले दोघे तर कुंपणापलीकडे. मेलेल्या बैलाजवळ आम्ही दोघेच, पंचविशीतला मी आणि पन्नाशीला आलेला राघो. तो काटक होता, डोळे बारीक करून पाहायचा, आणि हातात सुरा आला की त्याच्या बोटांना एक शांतपणा यायचा. शाळेत मी मोजून अकरा जनावरं उघडली होती. त्याने किती सोलली असतील याची गणती त्यालाही नव्हती.

“डाक्तरसाब, हितनं नको,” तो म्हणाला. “हितनं घातलाव तं पोट फाटंल. ह्या बाजूनं घ्या.”

मी त्या बाजूने घेतलं. पोट फाटलं नाही. त्याने काळीज दाखवलं, मूत्रपिंडं दाखवली, प्लीहा उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “ही बरी हाय. साथीच्या रोगानं मेलाय आसता तं ही फुगून काली झाली आसती.” आम्हाला शाळेत इंग्रजीत तीन पानांत शिकवलेलं त्याने एका वाक्यात सांगितलं. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

मग आम्ही बैलाच्या चार पोटांतलं चौथं पोट उघडलं. विष असलं तर त्याची खूण तिथे सापडते. आतल्या घड्या लालभडक सुजल्या होत्या, आणि वर कोंड्याचा चिखल चिकटला होता. ती सूज मला स्वच्छ पाहायची होती. मी पाण्याची घागर पुढे ओढली.

“धुवू नका,” राघो म्हणाला. “आगूदर बगा. पिवलं काय हाय ते.”

मी वाकून पाहिलं. घड्यांच्या खाचांत बारीक पिवळे कण होते, वाळूसारखे. उन्हात एखादा चमकत होता.

“हळद असेल,” मी म्हणालो. “सणाचं काहीतरी खायला घातलं असेल.”

“हलद आशी चमकत नाय, साब.”

“राघो, तू सुरा धर,” मी म्हणालो, आणि घागर ओतली.

ते पाणी मातीत जाताना मी पाहिलं. पिवळट होतं. आजही डोळे मिटले की ते अंगणाच्या उतारावरून राखेत शिरताना दिसतं. धुतल्यावर सूज फार छान दिसली. मी तिचं वर्णन लिहून घेतलं, काळजाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे बरणीत घालून मुंबईला पाठवले, आणि अहवालात लिहिलं: मृत्यू तीव्र विषाने. पोटात अन्य काही विशेष नाही.

अन्य काही विशेष नाही! चार शब्द. लिहायला क्षणही लागला नसेल.

मुंबईहून उत्तर आलं की तुकड्यांत सोमल, इंग्रजीत आर्सेनिक म्हणतात ते विष, आहे. फौजदाराने राघोच्या घराची झडती घेतली आणि सोमलाची पांढरी पुडी सापडली. ती सापडणारच होती. कातड्याला कीड लागू नये म्हणून तो सोमल लावायचा, त्याच्यासारखे सगळेच लावतात. पण आता भांडण होतं, बोललेलं वाक्य होतं, पुडी होती, आणि माझा अहवाल होता. राघोला कल्याणला नेऊन कोठडीत घातलं. बैल मारला म्हणून कित्येक वर्षांसाठी तुरुंगात गेलेली माणसं मला ठाऊक होती. मला ही बातमी ठाण्यात कळली तेव्हा मी जेवत होतो. जेवण पूर्ण केलं, हेही लिहून टाकतो. मला वाटलं, असेलही त्याने घातलं. रागाच्या भरात माणूस काय करत नाही!

शाळेत एक वाक्य फार आवडीने सांगितलं जाई, की मेलेलं जनावर खोटं बोलत नाही. कामावर लागल्यावर मला उमगलं की ते खरंही बोलत नाही. ते गप्प पडून असतं, आणि बोलतो तो उघडणारा. त्याने जे पाहिलं आणि लिहिलं तेवढंच त्या जनावराचं म्हणणं ठरतं. त्याने धुऊन टाकलं ते कोणाचंच उरत नाही.

तीन आठवड्यांनी मी साथीच्या तपासणीसाठी पुन्हा कोपरला गेलो. कापणी उरकत आली होती. पेंढ्यांच्या उडव्या रचल्या होत्या, बगळे खाचरांतून फिरत होते, आणि पहाटे इतकं दव पडायचं की धोतराचा काठ चिंब होई. गोमाच्या अंगणात चंद्र्या ऊन खात उभा होता. हाडं दिसत होती, पण वाचला होता. मी त्याची नाडी बघायला शेपटीकडे गेलो आणि तिथेच उभा राहिलो. त्याच्या पाठीवर हिराने पाडव्याला उठवलेले पंजे होते. पाचही बोटं स्पष्ट. पिवळेधमक. तीन आठवडे रोज दव पिऊनही रंग जराही उतरला नव्हता.

“हिराबाई,” मी विचारलं, “ही हळद कसली इतकी टिकली?”

“हलद कुठची?” ती म्हणाली. “हलद दवानं जाते. ह्यो बाजारचा रंग. औंदा यांनी कल्याणसून हरताल आनला, म्हंगून बयल आशे उठून दिसले. साऱ्या गावात आमचीच जोडी चांगली दिसली.”

हरताळ म्हणजे सोमलाचाच पिवळा भाऊ. रंगारी वापरतात, चितारी वापरतात, आणि बाजारात मिळणाऱ्या हरताळात पांढऱ्या सोमलाची भेसळ असतेच. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, “कशात कालवला होता?”

“डोनीत.” तिने गोठ्याच्या तोंडाशी असलेल्या दगडी डोणीकडे बोट केलं. “बयलांची न का ती. दुसरं मोठं भांडं नव्हतं. मंग मी डोन धुतली, चांगली दोनदा धुतली, आन दुसरे दिशी त्यात कोंडा भिजवून...”

ती थांबली. कोंडा भिजवून घातल्यावर मोऱ्याने नेहमीसारखी डोण तळापर्यंत चाटली होती. चंद्र्याने थोडं कमी खाल्लं होतं. मी डोणीत हात घातला. तळाच्या खाचेत, दगडाच्या भेगेत, पिवळी रेघ अजून होती. ती माझ्या नखात आली. हिरा त्या नखाकडे पाहत होती, मग तिने आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले.

गोमा धावत आला. “तू गप बस,” तो तिला म्हणाला. “काय बोलू नको. साब, बाईमानसाला काय समजतं?”

“तो मानूस आत बसलाय न,” हिरा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मीच घातलं. माज्या हातानं. मी कचेरीत येन आन सांगन.”

भेगेतली पिवळी खरड मी पुडीत बांधून मुंबईला पाठवली. उत्तर आलं, हरताळ. पण तेवढ्याने भागण्यासारखं नव्हतं. राघोकडची पुडी पांढरी होती. मोऱ्याच्या पोटात पिवळं होतं, हे सिद्ध झालं तरच राघो सुटणार होता. आणि ते पिवळं मी घागरभर पाण्याने मातीत घालवलं होतं आणि वर लिहून दिलं होतं की काही विशेष नाही. आता एकच राहिलं होतं, मी उभा राहून सांगायचं की माझा अहवाल अपुरा आहे. शिवाय वेळेचा मुद्दा होता. सडायला लागलेल्या पोटात पांढरा सोमलही पिवळा पडतो. पण मोऱ्या मेल्यापासून पाच-सहा तासांत आम्ही त्याला उघडलं होतं, तो ताजा होता, म्हणून ते पिवळं हरताळाचंच.

कल्याणचे एक वयस्क वकील, जे आता हयात नाहीत, दयेपोटी राघोचं काम पाहत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. पाणी ओतल्याचंही सांगितलं, आणि राघोने अडवलं होतं तेही. सुपारी कातरता कातरता ते ऐकत होते.

“तुमचं धाडस चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण एक करा. पिवळं आरोपीने दाखवलं, असं म्हणू नका. समोरचा लगेच विचारेल, याला कसं ठाऊक पोटात काय आहे ते? घातलं म्हणूनच ठाऊक! तुम्ही पाहिलंत, एवढंच म्हणा. खोटं कुठे आहे त्यात? पाहिलंतच ना तुम्ही?”

पाहिलं होतं. त्यांचा मुद्दा अगदी बरोबर होता. अजूनही बरोबरच वाटतो. पण तो ऐकताना मला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं राघोसाठी नव्हतं. गावच्या महाराने ढोरडाक्तराला शिकवलं, हे भर कचेरीत म्हणावं लागणार नव्हतं, त्याचं ते होतं. दोन्ही कारणं एकाच वेळी मनात होती. कुठलं मोठं होतं ते मी नऊ वर्षं तोलून पाहतोय.

कचेरीत हिरा माझ्याआधी उभी राहिली. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून तिने सांगितलं, “रंग मी कालवला. डोन मी धुतली. कोंडा मी दिला. बयल माज्यानं मेला.” गोमा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग मी उभा राहिलो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, पिवळे कण अहवालात का नाहीत? मी म्हणालो, “हळद समजून मी ते धुतले. ही माझी चूक.” इथवर माझी मान ताठ होती. त्यांनी विचारलं, मग ते लक्षात कसे राहिले? मी म्हणालो, “धुण्यापूर्वी ते माझ्या नजरेस आले होते.”

राघो समोरच उभा होता. दोन्ही हात पुढे एकावर एक धरलेले. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ज्या बारीक डोळ्यांनी त्याने मोऱ्याच्या पोटात पाहिलं होतं, त्याच डोळ्यांनी. मग त्याने मान खाली घातली.

राघो सुटला. निकालात माझ्या प्रामाणिकपणाची आणि बारीक नजरेची वाखाणणी झाली. पुढे बढतीच्या वेळी तो उतारा कामाला आला. बारीक नजरेचा डॉक्टर म्हणून मला अजून ओळखतात. चष्मा लागला तरी ओळखतात.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला मी मुद्दाम गेरूची मोठी पुडी घेऊन कोपरला गेलो. हिराने ती घेतली, चंद्र्याची शिंगं गेरूने रंगवली, अंगावर मात्र पंजा उठवला नाही. गावाबाहेर राघो एका मेलेल्या म्हशीचं कातडं काढत होता. मी जवळ जाऊन उकिडवा बसलो.

“डाक्तरसाब, आता पोट धुताना आगूदर इचारत जा,” तो हसत म्हणाला.

मीही हसलो. मग मला राहवलं नाही. मी वकिलांचा सल्ला सांगितला, का तसं म्हणावं लागलं ते सांगितलं. तो सुरा चालवत ऐकत होता.

“बरोबर केलंव,” तो म्हणाला. “मी दावलं म्हनलाव आसता तं मना सोरला नसता. बरोबरच केलंव.” त्याने सुरा कातड्याखाली आणखी सरकवला. “पन घरी तरी सांगाल न, साब? कोनी दावलं ते?”

मी म्हणालो, “सांगेन.”

आठ वर्षांत सांगितलं नाही. आधी जमलं नाही, मग हकिगत इतक्या वेळा तशीच सांगून झाली की बदलायची लाज वाटू लागली.

इथवर लिहून झालं आणि दुपारी तो वास पुन्हा आला. मी हात नाकाशी नेला, यमुना म्हणाली, “झालं का सुरू?” आणि मी तिथेच पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. घागर, हळद, ‘तू सुरा धर’, वकिलांची सुपारी, म्हशीचं कातडं. ती तांदूळ निवडायची थांबली होती. मला वाटलं आता काहीतरी खोचक बोलेल. ती म्हणाली, “मग लिहा की तसं. मुलांना तेच शिकायला हवंय ना?”

मी आत जाऊन ते वाक्य खोडलं. लिहिलं: ‘पोट धुण्यापूर्वी त्यातील पिवळे कण प्रथम कोपर गावचे राघो’, आणि थांबलो.

“काय झालं?” तिने दारातून विचारलं.

“त्याचं पूर्ण नाव मला माहीत नाही.”

“नऊ वर्षांत?”

“खटल्याच्या कागदांत असेल,” मी म्हणालो. बोलून गेल्यावर कानाला ते कसं लागलं ते माझं मलाच माहीत. त्याचं नाव, बापाचं नाव, सगळं त्या कागदांवर होतं. आरोपी म्हणून. कागद मागवले असते तर आठ दिवसांत घरी आले असते. मागवावेसे वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीला उतरलो. तेच बांध, तेच आडवं भात, मिठागरांवर तोच लकाकणारा उजेड. राघो घराच्या ओट्यावर दोर वळत बसला होता. आता साठीचा झालाय, डोळे आणखी बारीक करून पाहतो. मला ओळखून हसला. मी खिशातून कागद आणि पेन्सील काढली. घाई माझीच होती, या-बसा होऊ न देताच विचारलं, “राघो, तुझं पूर्ण नाव सांग. बापाच्या नावासकट.”

त्याच्या हातातला दोर थांबला. हसू गेलं. घरातून त्याची बायको बाहेर आली आणि चौकट धरून उभी राहिली.

“काय झालं, साब?” तो म्हणाला. “कोनाचा बयल मेला?”

“कोणाचा नाही, राघो.”

“मी कालधरनं हितंच हाय. कुटं गेलू नाय. हिला इचारा.”

मी त्याला सांगितलं. शाळा, मुलं, टाचण, ते वाक्य. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याने ऐकलंच नव्हतं. मग वाक्य वाचून दाखवलं आणि नावाची जागा रिकामी आहे ती बोटाने दाखवली. नाव त्याने सांगितलं. पण त्यासाठी तो उठून उभा राहिला होता, आणि दोन्ही हात त्याने पुढे एकावर एक धरले होते, तेव्हा कचेरीत धरले होते तसेच. “बस, राघो, बस,” मी म्हणत होतो. तो बसला नाही.

राघो भागोजी. गुडघ्यावर कागद धरून मी तिथेच लिहून घेतलं. हे नाव आधी एकदा सरकारी कागदावर लिहिलं गेलं होतं, आणि त्याच्यापुढे एक शब्द होता. या वेळी मी पुढे फक्त ‘यांनी दाखवले’ एवढंच लिहिलं.